बिटकॉइनसारखं, कुणाच्याही ताब्यात नसलेलं चलन रोजच्या व्यवहारात येईल का?

किराणा-भाजीत येईल असं मला वाटत नाही. परदेशातून पैसे आणायला मात्र अशा चलनाची खरी गरज आहे.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. गेल्या महिन्यात एका परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे यायला चार दिवस लागले आणि बिलापेक्षा 28 डॉलर कमीच जमा झाले. मधल्या बँकेने कापून घेतले. बिटकॉइनमध्ये साधारण दर 10 मिनिटांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, जोडला जातो, रविवारीसुद्धा, आणि मध्ये बँक नसते. संधी आहे ती इथेच. पण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फतच आणावे लागतात, त्यामुळे आम्हाला तो रस्ता आज बंद आहे.

बिटकॉइनच्या भावाचं तर विचारूच नका. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास असलेलं नाणं वर्षभरात 16 हजारांवर आलं. सूत घेतल्यापासून माल विकेपर्यंत पैशाचीच किंमत अशी घसरली, तर कामगारांचे पगार कशातून करायचे? वेगही सेकंदाला सातेक व्यवहारांचा. चाटी गल्लीत चादर घ्या, पिशवी हातात यायच्या आत यूपीआयचा स्पीकर बोलतो.

वर नफ्यावर 30 टक्के कर, विक्रीवर 1 टक्का टीडीएस, आणि तोटा कशातूनच वजा होत नाही.

तरीही घेणार असाल तर वॉलेटचे, म्हणजे बिटकॉइनच्या डिजिटल पाकिटाचे, किल्लीसारखे 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहून जपून ठेवा. ते हरवले तर दाद मागायला कुठलीच शाखा नाही.