कांद्याची सालं फेकू नका

प्रश्न : बाई, आम्ही वसईतल्या एका गावात राहतो. यंदा ईस्टरची सजावट मुलांच्या हातून करून घ्यायची आहे. बाजारातली प्लॅस्टिकची अंडी आणि ससे महाग पडतात आणि पुढच्या वर्षी कचऱ्यात जातात. घरात जुन्या लग्नपत्रिका, अंड्यांचे ट्रे, फेविकॉल आणि पोस्टर कलर आहेत. मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. एवढ्यात काय होईल?

उत्तर : एवढ्यात अख्खं घर सजेल! फक्त आजपासून एक करा. लाल कांद्याची सुकी, कागदासारखी सालं एका पिशवीत टाकत जा. चार-पाच दिवसांत दोन-तीन मुठी जमतात, आणि त्यांच्याइतका सुरेख रंग मला कुठल्याही डबीत सापडलेला नाही.

अंडी पांढरी घ्या. गावठी अंडं मुळातच तपकिरी, त्यावर नक्षी उठत नाही. सालं चार कप पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार करा आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. आंबटपणामुळे कवच रंग नीट धरतं. आता कोथिंबिरीचं एक पान देठ काढून ओलं करा आणि अंड्यावर अगदी सपाट चिकटवा. वरून जुन्या मलमलीचा तुकडा ताणून गुंडाळा आणि मागच्या बाजूला दोऱ्याने घट्ट गाठ मारा. कापडाला सुरकुती राहिली तर रंग पानाखाली शिरतो, म्हणून इथे घाई नको. मग त्याच पाण्यात मंद आचेवर बारा मिनिटं उकडा आणि पाण्यातच गार होऊ द्या. गाठ सोडायचं काम मुलांनाच द्या. लालसर तपकिरी कवचावर पानाची कातरलेली कड न् कड फिकी उमटलेली असते. बोटावर थेंबभर खोबरेल घेऊन पुसलं की अंडं चकाकतं. पिवळा रंग हवा असेल तर हळद आहेच. बीटच्या वाटेला मात्र जाऊ नका, तो रंग सुकल्यावर मळकट दिसतो.

अंडी रंगवणं हे काही दुकानदारांनी काढलेलं खूळ नाही. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी अंडी लाल रंगवतात. लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा आणि कवच म्हणजे बंद कबर. रविवारी एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून ती फोडतात. अंडी रंगवता रंगवता मुलांना हे जरूर सांगा.

ससा मुलांना हवाच असेल तर लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापून द्या. पण सजावटीच्या मधोमध ख्रिस्त पुन्हा उठल्यावर उरलेली रिकामी कबर असावी, असं मला मनापासून वाटतं. नाताळात आपण गोठा एवढ्या हौसेने करतो, मग कबर का नाही? अंड्यांचे ट्रे फाडून रात्रभर भिजवा, पिळा, लगद्यात फेविकॉल कालवा. उपड्या वाडग्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून त्यावर लगदा बोटभर जाड थापा, एका बाजूला दार सोडा. त्याच लगद्याची चपटी धोंड वेगळी वळा. दोन-तीन दिवसांच्या उन्हात सगळं खणखणीत वाळतं. मग वाडगा काढून करडा रंग द्या आणि धोंड दाराच्या बाजूला टेकवा. आत पांढरं कापड ठेवा, आणि एक छोटा रुमाल गुंडाळून त्यापासून जरा वेगळा. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात तसंच आहे. रंगवलेली अंडी भोवती काथ्याच्या घरट्यांत मांडा. मेणबत्ती मात्र या कागदा-काथ्यापासून हातभर लांब हवी.

प्रश्न : ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या यात वापरल्या तर चालेल का?

उत्तर : त्यांचा क्रूस विणून भिंतीवर लावा, तो वर्षभर राहू द्या. पण त्या आशीर्वादित आहेत, त्यांची कापाकापी करून तुकडे केरात जाऊ नयेत. जुन्या झावळ्या चर्चमध्ये परत द्या. त्यांचीच राख पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला लागते. सजावटीला वाडीतली दुसरी झावळी आणा. बांधायला दोरा विकत आणू नका, केळीचं सोपट भिजवून चिरलं की झालं.

प्रश्न : सजावट लावायची कधी? आमच्या आळीत काही जण आठवडाभर आधीच लावतात.

उत्तर : ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री चर्चमध्ये होणाऱ्या जागरण विधीनंतर. उपवासकाळात चर्चमधल्या वेदीवर फुलं नसतात आणि गुरुवारी रात्री तर वेदी पूर्ण उघडी करतात. घरानेही तेवढा वेळ उघडं राहावं, हे माझं ठाम मत आहे. तयार वस्तू खोक्यात झाकून ठेवा. विधीवरून आल्यावर मुलं पेंगलेली असतील तर पहाटे उठवा, पण मांडायला घ्या त्यांनाच.

आणि सोमवारी लगेच आवरू नका. ईस्टरपासून सुरू होणारा पुनरुत्थानकाळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे सात आठवड्यांनी येणाऱ्या सणापर्यंत, चालतो. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे सजावट २४ मेपर्यंत राहू शकते. उकडलेली अंडी मात्र एप्रिलच्या उकाड्यात बाहेर टिकत नाहीत. खायची असतील ती फ्रिजमध्ये ठेवा आणि ऐन वेळी तासभरच मांडा. टिकाऊ हवी असतील तर कच्चं अंडं धुऊन दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडा आणि बिनसुईच्या नव्या सिरिंजने हवा भरून आतलं वाटीत काढा. तोंडाने फुंकू नका. रिकामं कवच साबणाच्या पाण्याने आतून धुऊन वाळवा, आणि वाटीतल्याचं त्याच दिवशी ऑम्लेट करा.