अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरवर फाइल ठेवली तर ती सुरक्षित राहते का?
राहते, कारण त्या कॉम्प्युटरवर भरवसा ठेवायचाच नसतो. फाइल आधी तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट होते, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय कुणाला वाचता येत नाही, मग तिचे तुकडे वेगवेगळीकडे जातात. ताहो-लाफ्स या अशा पद्धतीने फाइल साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंग 10 तुकड्यांचं आहे. त्यातले कुठलेही 3 मिळाले की फाइल पुन्हा उभी. प्रत्येक तुकडा वेगळ्या मशीनवर असेल तर 7 मशीन बंद पडली तरी चालतं. जागा मात्र खाते: 30 एमबीच्या फाइलला साधारण 100 एमबी. कुणी तुकड्यात हात घातला तर हॅश (तुकड्यातल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जुळत नाही, तो तुकडा बाद. मला विचाराल तर खरी भीती वेगळीच आहे. किल्ली, म्हणजे फाइल उघडणारी अक्षरांची ओळ, हरवली की संपलं, ‘पासवर्ड विसरलात?’ विचारणारं तिथे कुणी नसतं. ती आधी कागदावर उतरवून ठेवा.