मध कोणाला चाटवावा, कोणाला नाही

प्रश्न : माझा नातू सात महिन्यांचा आहे. चार दिवसांपासून त्याला सर्दी-खोकला झाला आहे. आमच्याकडे बाळगुटी मधात उगाळून चाटवण्याची पद्धत आहे, परंतु सूनबाई मध देऊ देत नाहीत. महाबळेश्वरहून आणलेला खात्रीचा मध उकळून दिला तर चालेल का?
– एक आजी, वाई

उत्तर : आजी, सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे. बाळाला वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा लावू नये. मध शुद्ध की भेसळीचा, हा येथे प्रश्नच नाही, कारण क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीतून, धुळीतून उत्तम प्रतीच्या मधातही येऊ शकतात आणि घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना सहसा रुजता येत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते. पुढे रडणे क्षीण होते, दूध ओढण्याची ताकद जाते, पापण्या जड होतात, मान धरलेले बाळही मान टाकू लागते आणि उपचार न मिळाल्यास श्वास थांबू शकतो. आपल्या पिढीत कित्येकांना मध चाटवला आणि काही झाले नाही, हे खरे आहे, कारण हा आजार विरळा आहे. तरीही ज्यातून बाळाचा काही विशेष लाभ नाही, तो धोका का पत्करावा?

नातवाला अंगावरचे दूध थोडे थोडे, वारंवार द्यावे. नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. नाकात तेल मुळीच घालू नये, कारण ते फुफ्फुसात उतरू शकते. कापूरही बाळापासून दूर ठेवावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ते 50 किंवा अधिक भरले, पोट उडत असेल अथवा बाळ दूध पीत नसेल, तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्यावे.

वर्षावरील मुलांच्या साध्या खोकल्यावर मात्र मध खरोखर उपयोगी आहे. त्याने घशाची खवखव शमते आणि मुलाला रात्री झोप लागते. ब्रिटनमधील उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2018 मध्ये थोड्या दिवसांच्या खोकल्यासाठी प्रतिजैविकांआधी मध सुचवला आहे. पाच वर्षांपर्यंत अर्धा चमचा, त्यापुढील मुलांना एक चमचा, निजण्यापूर्वी द्यावा आणि नंतर दात घासून घ्यावेत. मधुमेह असलेल्यांनी तो साखरच समजावा. खोकला तीन आठवड्यांहून अधिक रेंगाळल्यास तपासणी करावी.

प्रश्न : फोडणीचे तेल उडून हात पोळल्यास मध लावावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रथम बांगड्या, अंगठी काढून हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये. मधाने भाजलेली जखम भरते ही गोष्ट निराधार नाही. तो आम्लधर्मी असतो, त्यात पाणी कमी असते आणि पातळ झाल्यावर त्यातून थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. परंतु रुग्णालयात वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातील बरणीत ओला चमचा कितीदा गेला, हे कोण सांगणार? फोड आल्यास तो न फोडता स्वच्छ कापडाने सैल झाकावा. चेहरा, सांधे किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.