वाळवी मालकाची, मग ढेकूण कुणाचे?

प्रश्न : नांदेडच्या जुन्या भागात माळवदाच्या घरात दरमहा ६,००० रुपये भाड्याने राहतो. मोरीलगतच्या चौकटीला लागलेली वाळवी आता तुळईपर्यंत चढली आहे. मालक म्हणतात, ‘राहता तुम्ही, औषध तुम्हीच मारा.’ भाडं थांबवावं का?

उत्तर : भाडं एक महिनाही थांबवू नका. थकबाकी झाली की तक्रार बाजूला पडते आणि घर खाली करून मागायला मालकाला आयतं कारण मिळतं.

मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. मात्र करारात दुरुस्ती तुमच्याकडे लिहून घेतली आहे का, ते आधी वाचा. कायद्यात वाळवीचं नाव नाही; पण तुळई आणि चौकट पोखरली जाते, तेव्हा तो दुरुस्तीचाच विषय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मालकांना किमान १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. भिंतीवरच्या मातीच्या नळ्या आणि ठोकल्यावर पोकळ वाजणारं लाकूड यांचे तारखेसह फोटो जोडा. वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर ते तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. मर्यादा एवढीच, की वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांश. तुमचं वर्षाचं भाडं ७२,००० रुपये, म्हणजे १८,००० रुपयांपर्यंत. पक्की बिलं हवीत.

आता कामाचं. नळ्या खरवडून रॉकेल ओतलं तर वाळवी मरत नाही, शेजारून वर येते, कारण वारूळ जमिनीत असतं. भिंत आणि फरशी मिळते तिथे दर फुटाला १२ मिमीचं भोक पाडून प्रत्येकात १ लिटर द्रावण सोडावं लागतं. १० बाय १२ च्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे सुमारे ४४ भोकं आणि ४४ लिटर द्रावण. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी. पाच लिटरचा पंप घेऊन अर्ध्या तासात ‘झालं’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. चौकटीत आणि तुळईत वेगळी, बारीक भोकं पाडून औषध भरावं लागतं. आणि मोरीची गळती आधी बंद करा. ओल राहिली तर वाळवी पुन्हा येतेच. तुळई फार पोकळ झाली असेल तर औषधाने ती सावरणार नाही. वर माळवदाच्या मातीचं वजन आहे. त्या खोलीत झोपू नका, आधी टेकू लावून घ्या.

प्रश्न : लातूरला शिकवणीसाठी खोली घेतली आहे. पलंगात ढेकूण आहेत. मालक अनामत कापायची भाषा करतात. मित्र म्हणतो, सल्फासच्या गोळ्या ठेव.

उत्तर : सल्फास अजिबात नको. त्या गोळीतून निघणारा फॉस्फिन वायू झोपेतच जीव घेतो, शेजारच्या खोलीतल्यांचाही. धान्याच्या कोठीची ती वस्तू राहत्या खोलीत आणायचीच नाही.

ढेकूण कुणी आणले हे ठरवणं अवघड असतं, म्हणून तारीख महत्त्वाची. राहायला गेल्यावर लगेच पलंगाच्या खाचा आणि गादीची शिवण बघा. काळे ठिपके, पांढऱ्या काती दिसल्या तर त्याच दिवशी फोटोसह मालकाला मेसेज करा. महिन्या-दोन महिन्यांनी सांगितलं तर तुमची बाजू लंगडी पडते.

ओळीने खोल्या असतील तर एकाच खोलीत फवारणी करून उपयोग नाही. ढेकूण वायरिंगच्या पाइपातून पलीकडे जातात आणि परत येतात. सगळ्या खोल्या एकाच दिवशी करायला मालकाला सांगा. हा खर्च त्यांनीच करावा, कारण एकट्या भाडेकरूच्या हातातलं ते काम नाही. अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात, म्हणून १० ते १५ दिवसांनी दुसरी लागतेच. चादरी, कपडे ६० अंश गरम पाण्यात अर्धा तास ठेवा.

अनामतीबद्दल करारात काय लिहिलंय ते बघा. ११ महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने द्यायचा (त्याच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५).