आधी साधा आरसा, मग लवचीक

लेसरच्या अतिलघु स्पंदांना आकार द्यायला डिफॉर्मेबल मिरर (व्होल्टेजने वाकवता येणारा लवचीक आरसा) हातात आला की तो लगेच बसवायची घाई होते. थांब. आधी त्याच्या जागी साधा सपाट आरसा लाव आणि ४-एफ मांडणी नीट जुळव; तीत ग्रेटिंग (बारीक रेघांची पट्टी) रंग वेगळे करते, वक्र आरसा ते लवचीक आरशावर पसरवतो आणि परतताना ते पुन्हा एकत्र येतात. ग्रेटिंग ते वक्र आरसा हे अंतर नाभीय अंतराइतकं नसेल, तर मांडणी स्वतःच डिस्पर्शन (रंगारंगांत वेळेचा फरक) घालते आणि तू ते बिचाऱ्या पडद्याकडून, म्हणजे लवचीक आरशाच्या पातळ पृष्ठभागाकडून, निस्तरून घेत बसतोस. त्याची धाव तोकडी असते. ८०० नॅनोमीटरला पृष्ठभाग १ मायक्रॉन सरकला, तर प्रकाशाचा जाऊन-येऊन २ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे अडीच तरंग. तेवढ्यातच भागवायचं.

स्थिरविद्युत पडदा इलेक्ट्रोडकडे फक्त ओढला जातो, ढकलला जात नाही. म्हणून सुरुवातच मधल्या विक्षेपापासून (पडदा अर्धवट वाकलेला ठेवून) कर. विक्षेप साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे निम्मं व्होल्टेज म्हणजे निम्मा विक्षेप नव्हे! कमाल मर्यादा मात्र ओलांडू नकोस. पडदा इलेक्ट्रोडला चिकटला तर संपलं. पडद्याची कड हलत नाही, म्हणून स्पेक्ट्रम मधल्या भागातच बसव.

फेज (प्रत्येक रंगाचा तरंग किती पुढे-मागे आहे ते) सलग मिळतो, पिक्सेलच्या फटी नाहीत, हे याचं खरं सुख. पण तीक्ष्ण फेज-उड्या हव्या असतील तर हे साधन तुझ्या कामाचं नाही.

जेनेटिक अल्गोरिदमला (पडद्याचे आकार बदलून बघत चांगला तो निवडणाऱ्या प्रोग्रॅमला) सेकंड हार्मोनिकचा, म्हणजे स्फटिकातून निघणाऱ्या दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशाचा, सिग्नल देताना लेसरची ऊर्जाही शेजारी मोज. नाहीतर तो लेसरच्या चढउतारालाच यश समजतो. माझा एक अख्खा आठवडा असाच गेला. शेवटी फ्रॉगने (स्पंदाचा आकार आणि फेज मोजणाऱ्या पद्धतीने) स्पंद तपासच.