सूत्र पाठ आहे, तरी उत्तर चुकतं

प्रश्न : मी उदगीरला बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी करते. फिजिक्सची सगळी सूत्रं वहीत उतरवून रोज सकाळी म्हणते. तरी टेस्टमध्ये ४५ पैकी जेमतेम १८ बरोबर येतात. डेरिव्हेशन करत बसावं तर बायोलॉजी मागे पडतं. पाठांतर सोडून देऊ का?

उत्तर : मुळीच सोडू नकोस. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. बायोलॉजीचे ९० प्रश्न ४५-५० मिनिटांत उरकले तर फिजिक्सला कसाबसा तासभर मिळतो. त्या तासात सूत्र मुळापासून काढायला सवड नसते. तुझं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. सूत्र पाठ आहे, पण ते कधी लागू होतं ती अट पाठ नाही.

कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी दोन प्लेट्सची जोडी, घे. ऊर्जेसाठी 'हाफ सी व्ही स्क्वेअर' आणि 'क्यू स्क्वेअर बाय टू सी' ही दोन्ही सूत्रं तुला येत असणार (सी कपॅसिटन्स, व्ही व्होल्टेज, क्यू चार्ज). आता प्लेट्समध्ये ३ डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा पदार्थ पूर्ण भरला, म्हणजे सी तिप्पट झाला. बॅटरी जोडलेलीच असेल तर व्होल्टेज बदलत नाही, म्हणून पहिलं सूत्र वापरायचं. ऊर्जा तिप्पट होते. बॅटरी आधीच काढली असेल तर चार्जला जायला वाट नाही, म्हणून दुसरं. ऊर्जा एक तृतीयांश होते. पर्यायांत दोन्ही उत्तरं दिलेली असतात. 'बॅटरी काढून घेतली' हे तीन शब्द नजरेतून सुटले की ४ गुण जातात आणि वरून १ कापला जातो.

बल्बचंही तसंच. २२० व्होल्टचे ४० आणि १०० वॅटचे दोन बल्ब २२० व्होल्टवर सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले, तर ४०चा जास्त उजळतो. घरात उलटं दिसतं, कारण तिथे जोडणी पॅरलल असते. सीरिजमध्ये करंट सारखा, म्हणून ज्याचा रोध मोठा तो उजळ. रोध अनुक्रमे १२१० आणि ४८४ ओहम. पॉवर साधारण २० आणि ८ वॅट.

म्हणून वही नव्याने मांड. प्रत्येक सूत्रापुढे अक्षरांचे अर्थ एककासह लिही, मग 'केव्हा चालतं', मग 'केव्हा चालत नाही'. प्रोजेक्टाइलच्या रेंजपुढे (फेकलेली वस्तू किती लांब पडते) लिही : फेकण्याची आणि पडण्याची पातळी एकच हवी, माळवदावरून फेकलेल्या दगडाला हे सूत्र लावायचं नाही. रोज पाचच सूत्रं घे, पण प्रत्येकावर अट बदललेली दोन गणितं सोडव.

डेरिव्हेशन सगळ्यांचं नको. भरीव गोलाचा जडत्व आघूर्ण (मोमेंट ऑफ इनर्शिया) दोन पंचमांश एम आर स्क्वेअर, हे सरळ पाठ कर. तिथे इंटिग्रेशन करण्यात संध्याकाळ घालवू नकोस.

आणि टेस्टनंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे खूण कर : सूत्र आठवलं नाही तर 'सू', अट चुकली तर 'अ', एकक किंवा आकडेमोड चुकली तर 'ग'. लातूर-नांदेडकडे टेस्ट भरपूर होतात, पण पेपर घरी आला की कपाटात जातो, ही खरी हळहळ आहे. तीन टेस्टच्या खुणा मोज. 'सू' जास्त निघाले तर सकाळचं पाठांतर वाढव, 'अ' जास्त निघाले तर ती वेळ गणितांना दे.

प्रश्न : सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. मग नुसतं पाठांतर पुरेल? (एक पालक, परभणी)

उत्तर : फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, त्यामुळे सूत्र जिभेवर हवंच. एकही प्रश्न कोरा सोडू देऊ नका. अट चुकली तर गुण मात्र तिथेही जातोच.