आंब्याची पट्टी आली, आता शेअरच्या खात्यात कशी टाकू?

प्रश्न : वाशीहून आंब्याची पट्टी (विक्रीचे पैसे) आली ती सगळी गावातल्या पतपेढीत जमा आहे. पोराने मोबाईलवर डिमॅट काढून दिलंय, पण पैसे टाकायला गेलो तर यादीत पतपेढीचं नावच नाही. म्हणून मुंबईच्या भावाला सांगितलं, त्याने त्याच्या खात्यातून एनईएफटी केली तर पैसे त्यालाच परत! सख्खा भाऊ आहे हो. आता काय करू?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, भाऊ सख्खा असला तरी सेबीच्या, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, हिशोबात तो तिऱ्हाईतच. तुमच्या ट्रेडिंग खात्यात पैसे तुमच्याच नावाच्या आणि ब्रोकरकडे (ज्याच्या ॲपवरून शेअर घेता तो) नोंदवलेल्या बँक खात्यातूनच यायला हवेत, रोख तर ब्रोकर घेऊच शकत नाही. (आपण सगळे म्हणतो डिमॅटमध्ये पैसे टाकले, पण डिमॅटमध्ये शेअर राहतात, पैसे ट्रेडिंग खात्यात.) आणि पतपेढी म्हणजे बँक नव्हे, ती यादीत दिसणार नाहीच. तेव्हा आधी पतपेढीतून तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात पैसे वळवा, चेकने घ्या नाहीतर ते एनईएफटी करून देत असतील तर तशी, आणि ते खातं ॲपमध्ये जोडून घ्या.

पुढचं सोपं आहे. थोडे पैसे असतील तर यूपीआय, लगेच दिसतात आणि बहुतेक ठिकाणी फुकट. शेअरबाजारासाठी सप्टेंबर २०२५ पासून यूपीआयने एका वेळी ५ लाखांपर्यंत मुभा आहे, पण तुमच्या बँकेने स्वतःची लिमिट खाली ठेवली असेल तर तीच चालणार. नेटबँकिंगच्या बटणाला काही ब्रोकर चार्ज लावतात, मी तरी त्या वाटेला जात नाही. पट्टी मोठी असेल तर एनईएफटी बरी, ती अर्ध्या अर्ध्या तासाने पुढे सरकते, रविवारीसुद्धा. २ लाखांच्या वर आरटीजीएस. कुठल्या खात्यावर पाठवायचे तो नंबर मात्र ॲपमधूनच घ्या, कोणी फोनवर सांगितलेला नको.

आणि हो, पैसे टाकून शेअर घेतलेच नाहीत तर महिन्या-तीन महिन्यांनी ब्रोकर ते आपणहून बँकेत परत पाठवतो. घाबरू नका, नियमच आहे तसा.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवरचे एक सर म्हणतात, आमच्या यूपीआयवर टाका, आम्ही तुमच्या खात्यात चढवतो. टाकू का?
— एक ताई, गुहागर

उत्तर : ताई, अजिबात नको! ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना वेगळे यूपीआय आयडी मिळालेत, त्यात ॲटच्या चिन्हापुढे ‘व्हॅलिड’ आणि मग बँकेचं नाव असतं, पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. शंका आली तर सेबीच्याच ‘सेबी चेक’ या तपासायच्या सोयीवर आयडी टाकून बघा. आधीच काही पाठवले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : पावसात रेंज गेली, बँकेतून पैसे कापले गेले पण ॲपमध्ये शून्य.
— एक वाचक, राजापूर

उत्तर : परत भरू नका, डबल जातील. बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत एकतर जमा होतात नाहीतर उलटे येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा यूपीआय पेमेंटला पाच दिवसांची मुदत आहे, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. यूटीआर नंबरचा, म्हणजे त्या व्यवहाराच्या नंबरचा, स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा, रेंज आली की.